इंदूआक्कांचा साक्षीदार

इंदूआक्कांचं रक्त मी काढलं होतं. हे वाक्य मी आजपर्यंत कुणासमोर उच्चारलेलं नाही, बायकोसमोरही नाही. रक्त काढणं हे माझं कामच आहे, त्यात लपवण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल. लपवण्यासारखं नंतर घडलं. ते सांगायचं तर आधी आक्का कशा होत्या ते सांगायला हवं. त्यांना ओळखणारी माणसं आज त्यांच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगतात, आणि ती गोष्ट खोटी आहे.

आक्का हडपसरला माझ्या घरमालकीण होत्या. गावठाणाच्या कडेला त्यांच्या वडलांचं रान होतं. त्यातला मोठा तुकडा बिल्डरकडे गेला, आणि उरलेल्या पट्टीवर त्यांच्या धाकट्या भावानं, बाळासाहेबांनी, पत्र्याच्या खोल्यांच्या दोन ओळी उभ्या केल्या. भाडेकरू म्हणजे कंपन्यांतले कामगार, आयटी पार्कच्या गेटवरचे वॉचमन, एखादा माझ्यासारखा एकटा नोकरदार. बाळासाहेब दिवसभर जमिनींच्या व्यवहारांत. खोल्या सांभाळायच्या त्या आक्कांनी.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्या पाण्याच्या मोटारीच्या बटणापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. नऊवारी, मनगटावर पुरुषी घड्याळ, मांडीवर खरखरणारा रेडिओ.

"काय करतोस?"

"हॉस्पिटलात आहे. लॅबमध्ये. रक्त काढतो."

"दुसऱ्याच्या अंगात सुई घालून झोप लागती का तुला?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग मान किंचित वर करून, जरा वैतागून म्हणाल्या, "गप बसा वाईच. गिऱ्हाईक हाय."

मी वर बघितलं. वर पत्रा होता आणि पत्र्यावर कुणी नव्हतं.

"वरचे भाडेकरू," आक्का शांतपणे म्हणाल्या. "भाडं देत न्हाईत, जागा सोडत न्हाईत. तू घाबरू नको. त्यांचं भांडण माझ्याशी हाय, तुझ्याशी न्हाई."

लग्नानंतर वर्षभरातच सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं होतं, कानात आवाज येतात म्हणून. स्किझोफ्रेनिया हा शब्द त्या घरात कुणी वापरत नसे. "आक्काचं जरा हाय," एवढंच. गोळ्या चालू होत्या. मी ज्या हॉस्पिटलात होतो तिथल्याच मानसोपचार विभागात त्या बसनं एकट्या यायच्या. गोळ्यांनी आवाज कमी झाले होते, गेले नव्हते. आक्कांनी त्यांना वेळ नेमून दिली होती. संध्याकाळी दिवेलागणीनंतर त्या खोलीचं दार लावून बसत आणि आतून त्यांचं उत्तर देणं ऐकू येई. इतर वेळी कुणी वर बोलू लागलं तर, "आत्ता पाण्याची येळ हाय, संध्याकाळी या," असं ऐकवायच्या. एखाद्या सरकारी खात्यातल्या बाईनं खिडकी बंद करावी तसा स्वर. मला त्या स्वराचं हसू यायचं आणि थोडी भीतीही वाटायची.

पाणी हे त्यांचं राज्य. मोटारीच्या पेटीची किल्ली कमरेला. पाणी आलं की हातात काठी घेऊन त्या एकेका दारावर टोला मारत जात. "हाय का?" आतून "हाय आक्का" आलं की पुढच्या दारावर. उत्तर आलं नाही तर थांबत, दार ढकलून बघत. एकदा मी तापानं पडून होतो, तोंडातून शब्द फुटेना. दार ढकलून त्यांनी मला बघितलं आणि थोड्या वेळानं तांदळाची पेज आणून उशाशी ठेवली. "टोचणाऱ्यालाच ताप आला म्हणायचा," असं म्हणून निघून गेल्या. दुपारी पुन्हा येऊन भांडं रिकामं झालंय की नाही ते बघून गेल्या.

पण आक्कांची खरी ओळख निराळीच होती. महत्त्वाचं काही कुणी बोललं की त्या शेजारच्या माणसाकडे वळायच्या आणि विचारायच्या, "तुला बी ऐकू आलं न्हवं?" तो 'हो' म्हणाला की ते खरं. नाही म्हणाला तर ते वरच्यांचं. मग त्या तो विषय तिथेच सोडून द्यायच्या. कुणाचीही मदत न घेता त्यांनी स्वतःसाठी ही रीत बसवली होती. दुसऱ्या माणसावर इतका भरवसा टाकावा लागतो हे त्यांना कळत होतं, म्हणून साक्षीदार त्या पारखून घेत. पोरांना विचारत नसत, दारू पिणाऱ्यांना विचारत नसत. भावालाही फारसं नाही. "बाळ्याला मला झटकायची घाई असती," म्हणायच्या. माझी खोली मोटारीला लागून असल्यामुळे, किंवा मी फार बोलत नसे म्हणून, ते काम हळूहळू माझ्याकडे आलं.

एकदा समोरच्या ओळीतला एक वॉचमन पाण्याची पाळी चुकवून दुपारीच पिंप भरत होता. आक्कांनी नळ बंद केला.

"आक्का, तुम्हीच तर काल हो म्हणालात. विसरलात का?" असं म्हणून त्यानं बाकीच्यांकडे बघून डोळा बारीक केला. दोघंतिघं हसले.

आक्का माझ्याकडे वळल्या. "काल तू हितंच होतास. मी हो म्हणाले का?"

"नाही आक्का. तुम्ही नाही म्हणालात."

त्या त्याच्याकडे वळल्या. आवाज जराही चढला नव्हता. "नसलेलं ऐकू येतं मला. असलेलं ऐकू येत न्हाई, असं कुणी सांगितलं तुला? ते पिंप उलटं कर."

त्यानं उलटं केलं. आक्कांनी माझे आभार मानले नाहीत. साक्षीदाराचे कुणी आभार मानतं का? पण त्या दिवसापासून मला खोलीबाहेर आल्यावर जरा ताठ चालावंसं वाटे, एवढं खरं.

त्या सुमारास आमच्या विभागात एक अभ्यास सुरू झाला. शरीरात कुठे दाह सुरू झाला, जंतू शिरले, की यकृत रक्तात सी-आर-पी नावाचं एक प्रथिन सोडतं. ते मोजता येतं. इतरही असे काही घटक आहेत. स्किझोफ्रेनियाच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात हे घटक इतरांपेक्षा थोडे वाढलेले दिसतात, असं जगभर आढळत होतं. हा आजार नुसत्या मनाचा नाही, शरीरातही काहीतरी धुमसत असतं, अशी शंका. आमचे सर ते आपल्याकडच्या रुग्णांत तपासणार होते. रुग्ण मिळवणं, रक्त काढणं, नमुने मशिनवर लावणं माझ्याकडे. नोकरी कंत्राटी होती आणि रुग्ण मिळत नव्हते. बहुतेक नातेवाईक म्हणत, आधीच डोक्याचं आहे, त्यात रक्त कशाला काढता.

मी आक्कांना विचारलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे वरचे भाडेकरू रक्तात सापडतात?"

"ते नाही सापडत. पण ते असतात तेव्हा शरीरात काही धग असते का, ते बघायचंय."

"धग हाय. ती मला माहीत हाय. तुमचं यंत्र सांगंल का, की ही खरी धग हाय म्हणून?"

"रक्त खोटं बोलत नाही आक्का," मी म्हणालो. तरुण होतो, अशी वाक्यं सहज तोंडात यायची.

त्या विचारात पडल्या. आयुष्यभर माणसांना साक्षीला बोलावणाऱ्या बाईला मी एक कधीच न चुकणारा साक्षीदार देऊ केला होता. हे मला तेव्हा समजलं नाही.

"देते," त्या म्हणाल्या. "दोन गोष्टी. बाळ्याला सांगायचं न्हाई, तो उगा कालवा करील. आणि काय निघंल ते मला सांगायचं. मला. कागद नको, तोंडानं सांग."

"सांगेन," मी म्हणालो.

त्या आल्या तो मंगळवार होता. सरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, सही घेतली. मग त्या बाहेर माझ्यासमोर येऊन बसल्या. मी दंडाला पट्टा बांधत असताना म्हणाल्या, "कालधरनं पोटात दुखतंय रे. हितं, बेंबीपाशी. इस्त्री ठेवल्यागत."

नियम स्पष्ट होता. ताप, दुखणं, सर्दी, जखम, काहीही असलं तर त्या दिवशी रक्त घ्यायचं नाही, कारण मग आकडा त्या दुखण्याचा येतो. शिवाय माणसाला तपासायला पाठवायचं. एवढ्यात सर दारातून डोकावले. "काय, तब्येत ठीक ना यांची? ताप, दुखणं काही?"

"नाही सर," मी म्हणालो.

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मग हात तसाच पुढे धरला. मला वाटतं त्यांना असं वाटलं, की पोटाचं दुखणं या तपासात धरत नसतील. मला माहीत असणार.

गुरुवारी आकडा आला. सी-आर-पी इतकं वाढलेलं होतं, की मला मशिनचीच शंका आली. पुन्हा लावलं. तेच. सरांकडे गेलो. त्यांनी आकडा बघून भुवया वर केल्या. "हे आपल्या कामाचं नाही. कुठेतरी जोरदार इन्फेक्शन आहे. नमुना अभ्यासातून काढून टाक. आणि त्या पेशंटला आजच निरोप दे, फिजिशियनला दाखवा म्हणावं. या लोकांना दुखणं कमी जाणवतं, किंवा जाणवलं तरी कुणी मनावर घेत नाही. त्या दिवशी काही तक्रार नव्हती ना?"

"नव्हती," मी दुसऱ्यांदा म्हणालो.

सरांनी त्यांचं काम चोख केलं होतं, हे मुद्दाम लिहितो. यात दुसऱ्या कुणावर ढकलता येण्यासारखं काही नाही.

बसमध्ये मी वाक्य जुळवत होतो. आक्का, उद्याच्या उद्या डॉक्टरला पोट दाखवा. एवढं पुरेसं होतं. पण मग त्या डॉक्टरला सांगणार, की मी मंगळवारीच म्हणाले होते, ह्या पोरासमोर. डॉक्टर सरांना सांगणार. पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपत होतं. हडपसर येईपर्यंत मी ठरवलं होतं, की सांगायचंच, फक्त शब्द जपून वापरायचे.

पोचलो तर खोल्यांसमोर बाळासाहेब उभे. मोटार वेळेवर सुरू झाली नव्हती म्हणून लोकांनी त्यांना फोन केला होता.

"पोटात दुखतंय म्हणे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. "गेल्या साली छातीत तार गुंडाळली होती हिच्या. त्याच्या आधी पायात मुंग्या सोडल्या होत्या कुणीतरी. आता पोट."

आक्का काठी टेकत माझ्या दारापाशी आल्या. चेहरा मातीसारखा. भावाकडे पाठ करून हळू आवाजात विचारलं, "आलं का?"

"आलं."

"काय निघालं?"

त्यांच्या खांद्यावरून मला बाळासाहेब दिसत होते. ते आमच्याकडेच बघत होते. मी बसमध्ये जुळवलेलं वाक्य शोधलं. ते सापडायच्या आत दुसरंच तोंडातून गेलं.

"सगळं नॉर्मल आहे आक्का."

त्यांनी काठी दाराला टेकवली. मग पायरीवर बसल्या.

"मग हे पोटातलं?"

मी खिशात खोलीची किल्ली शोधू लागलो.

"रक्त खोटं बोलत न्हाई म्हणालास." त्यांनी मान वर केली, पत्र्याकडे बघितलं. "म्हंजे हे ह्यांचंच. ह्या खेपेला लई हुबेहूब केलंय."

त्या उठल्या आणि मोटार सुरू करायला गेल्या. नंतर त्यांनी पोटाचं नाव काढलं नाही. शुक्रवारी काठीचे टोले नेहमीसारखे पडले, जरा सावकाश. शनिवारी माझ्या दारावर टोला पडला, "हाय का?" आणि मी आतून "हाय आक्का" म्हणालो. दार उघडलं नाही. उघडलं असतं तर सांगावं लागलं असतं. उद्या सांगू, असं मी दोन्ही दिवस ठरवलं. त्यांना बरं वाटू लागलं असेल, अशीही स्वतःची समजूत घातली. ती खरी नव्हती, हे मला माहीत होतं. आकडा माझ्याकडेच होता.

रविवारी दुपारी टाकी भरून वाहायला लागली आणि मोटार कुणी बंद करेना. आक्का पेटीशेजारी, ओल्या जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या. अंग भाजत होतं. बाळासाहेब आणि मी त्यांना रिक्षातून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं, पोटभर पू झाला होता. ऑपरेशनला घेण्याआधी सर्जन जरा चिडूनच म्हणाले, "इतके दिवस अंगावर का काढलंत? आधी दाखवायचं नाही का कुणाला?"

आक्कांचे डोळे अर्धवट मिटलेले होते, पण उत्तर स्पष्ट होतं. "रक्त तपासलं होतं. नॉर्मल आलं."

"कसलं रक्त?" बाळासाहेब म्हणाले. "कवा?"

"मंगळवारी. ह्यानं काढलं." आणि त्या माझ्याकडे वळल्या. "सांग की. तू बी हुतास न्हवं?"

सर्जन माझ्याकडे बघू लागले. बाळासाहेबही. मी पुढे झालो, आक्कांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, "आक्का, आता बोलू नका. दमाल."

ते खोटंही नव्हतं. पण मला 'नाही' म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही.

बाळासाहेब सर्जनच्या कानाशी लागले. "डोक्याची ट्रीटमेंट चालू हाय साहेब. भास होतात तिला." सर्जननी समजल्यासारखी मान हलवली. आक्का माझ्याकडेच बघत होत्या. रागानं नाही. त्या पडताळत होत्या. मंगळवार, सुई, पट्टा, माझी खुर्ची, यातलं काय काय आपण नुसतंच ऐकलं-पाहिलं, ते तपासत होत्या.

त्या वाचल्या. महिनाभर हॉस्पिटलात होत्या, घरी आल्या तेव्हा निम्म्या झाल्या होत्या. पण रक्ताची गोष्ट त्यांनी सोडली नाही. भावाला, भावजयीला, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, रक्त काढलं होतं, नॉर्मल होतं. बाळासाहेबांनी त्यांना आपल्या एका ओळखीच्या मानसोपचार डॉक्टरकडे नेलं आणि सांगितलं, आवाज होतेच, आता नसलेल्या गोष्टी घडल्या म्हणते. डोस वाढला. आक्कांचे हात कापू लागले, जीभ जड झाली. काठी कोपऱ्यात गेली. किल्ली भावजयीच्या कमरेला गेली. आमच्या अभ्यासात त्यांचं नाव नव्हतंच. नमुना काढून टाकला होता. एक सर सोडले, तर ते रक्त काढलं गेलं हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकीवर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. सरांना मी कळवलं, की निरोप दिला होता, पेशंटचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे. ते म्हणाले, "बरं झालं वेळेवर सांगितलंस."

मी खोली सोडली. धायरीला राहायला गेलो, नोकरी बदलली, लग्न केलं. दाह आणि स्किझोफ्रेनियावरचे शोधनिबंध मी नंतर वाचत आलो. तो विषय आता बराच पुढे गेला आहे. धुमसणं खरंच असतं, काही रुग्णांत तरी असतं, असं लोक म्हणतात. वाचताना मला आकड्यांपेक्षा, आकडे बघून बाजूला काढून ठेवलेली माणसं आठवतात.

गेल्या वर्षी, मी ज्या लॅबमध्ये आहे तिथे, सकाळच्या उपाशीपोटी साखर तपासायच्या गर्दीत बाळासाहेबांचा मुलगा सागर एका म्हातारीला हाताला धरून घेऊन आला. मी नाव वाचलं आणि मग वर बघितलं. आक्कांनी मला लगेच ओळखलं.

"तू व्हय," त्या म्हणाल्या. शब्द सावकाश येत होते. "बरा हायेस?"

"बरा आहे आक्का. बसा."

खोल्या पाडून तिथे इमारत झाली होती. सहाव्या मजल्यावर राहतात, लिफ्ट आहे, सागर सांगत होता. मी पट्टा बांधला. आक्कांनी बाही स्वतःच वर केली, मूठ मिटली, आणि माझ्या हातांकडे बघत राहिल्या.

"गंमत हाय," त्या म्हणाल्या. "मला लई दिवस वाटायचं, की तू माझं रक्त काढलंवतंस. त्या पोटाच्या वेळंला. अगदी असंच बसले हुते म्हणं मी."

मी सुईचं पाकीट फोडत होतो. सागर हसून, समजावल्यासारखा म्हणाला, "आत्याचा तो एक जुना भास होता. कितीतरी वर्षं धरून बसली होती. आता स्वतःच म्हणते, की तसं काही झालं नव्हतं. डॉक्टर खूश आहेत. आत्याला स्वतःचा आजार कळायला लागलाय, म्हणतात. गोळ्या पण कमी केल्या."

"मानलं मी," आक्का म्हणाल्या. "किती भांडायचं?"

मी सुई घातली. रक्त आलं. नळी भरली, कापूस ठेवला, "दाबून धरा" म्हणालो. सागर पुढच्या खिडकीकडे गेला होता. आम्ही दोघंच होतो. आक्का कापूस धरून माझ्याकडे बघत बसल्या, काही विचारायचं असल्यासारख्या, पण विचारलं नाही. मागचा माणूस खुर्चीसाठी पुढे सरकला. त्या उठल्या, सागरचा दंड धरला आणि गर्दीतून दाराकडे गेल्या. पाठ वाकली होती. दाराशी त्यांनी कापूस काढून बघितला, रक्त थांबलंय का ते, आणि तो टाकायचा कुठे ते शोधत जरा उभ्या राहिल्या. मग सागरनं तो त्यांच्या हातातून घेतला.

त्या ज्याला भास म्हणून मान्य करून बसल्या आहेत, ती त्यांची खरी आठवण आहे. हे लिहून झालं म्हणजे ते सांगून झालं, असं नाही. सागरचा फोन नंबर माझ्याकडे आहे, इमारतही मला माहीत आहे. सहाव्या मजल्यावर जाऊन, बाळासाहेब आणि सागर समोर बसलेले असताना, आक्कांना सांगायचं आहे की मंगळवारी रक्त काढलं होतं, ते नॉर्मल नव्हतं, आणि खोटं मी बोललो. त्यांच्या डॉक्टरांनाही तेच सांगायचं आहे. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि आजवर त्यातलं काहीही दिलेलं नाही.